लसूणघासाचा आळ

गिरणाऱ्याच्या पुढे दीड एकरावर मृण्मयीनं पाच वर्षांत छोटंसं रान उभं केलं होतं. शेवगा, हादगा, केळी, मधे भाजीचे वाफे, आणि या सगळ्यात उकरत फिरणाऱ्या चाळीस कोंबड्या. पंचवटीतल्या भटजींची मुलगी अंडी विकते म्हणून माहेरची माणसं आधीच नाराज होती. त्यात यंदा तिनं शेळ्या आणायचं ठरवलं. छाटलेला पाला त्या खातील, लेंड्यांचं खत होईल, घरापुरतं दूध निघेल. तिचा नवरा मयुरेश शहरातली नोकरी सांभाळून शनिवार-रविवार शेतात राबायचा. तो म्हणाला, "तुझ्याच्यानं एवढं सगळं बघून होणार नाही." झालं, ती हट्टालाच पेटली.

दोन शेळ्या विकत दिल्या चिमणाबाईनं. ही मूळची सुरगाण्याकडची. लग्न होऊन शेजारच्या वस्तीवर आली त्याला तीस वर्षं झाली होती. आसपास कुणाची शेळी विताना अडली, की आधी तिला बोलावणं जायचं. रोज सकाळी येऊन चारा टाकायचंही तिनं कबूल केलं, आणि पहिल्याच दिवशी बजावलं, "ताई, कोंबड्यांचा भरडा शेळीला घावू देऊ नको. मका-बाजरी भसाभसा खाती, पोटात आंबती, नि मरती."

महिनाभर सगळं सुरळीत चाललं. एका रविवारी शहरातून बारा माणसं शेत बघायला आली. मृण्मयीनं त्यांना कोंबड्यांच्या खोपटातला भरडा दाखवला, घरी कसा बनवतो ते सांगितलं, आणि बोलता बोलता दार उघडंच टाकून पुढं गेली. अर्ध्या तासानं परत येते तर मोठी शेळी भरड्याच्या डब्यात मानेपर्यंत तोंड घालून उभी. सकाळी भरलेला डबा निम्मा रिकामा झाला होता. तिनं शेळीला ओढून बाहेर काढलं, ओढणीनं तिचं तोंड पुसलं आणि दार लावून घेतलं. कुणी पाहिलं नव्हतं.

दुपारी शेळी दात खात बसली. डावी कूस ढोलासारखी ताणलेली. मयुरेशनं जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते पेठला गेले होते, यायला संध्याकाळ होणार होती. चिमणाबाई धावत आली.

"काय खाल्लं हिनं? भरडा तर नाय?"

शेजारी मयुरेश उभा होता. मागं पाहुण्यांचा घोळका.

"नाही," मृण्मयी म्हणाली. "सकाळी तुम्ही लसूणघास टाकलात ना, तेवढाच."

कुशीवर फिरणारा चिमणाबाईचा हात थांबला. "दवाचा व्हता का काय घास, ओल्यानं बी पोट फुगतं," ती स्वतःशीच पुटपुटली. मग तिनं तेल पाजलं, पोट चोळलं, शेळीला उठवून चालवायचा प्रयत्न केला. मृण्मयी शिंग धरून उभी होती. अजूनही सांगता येईल, असं तिला दर घटकेला वाटत होतं, आणि दर घटकेला ते जास्तच अवघड होत होतं. डॉक्टर पोचायच्या आत शेळी गेली.

दुसऱ्या दिवसापासून चिमणाबाई यायची थांबली. चौथ्या दिवशी मृण्मयी बाजारातून परतली, तर दारात एक पांढरं करडू बांधलेलं.

"चिमणाबाई देऊन गेली," मयुरेश म्हणाला. त्यानं त्या दिवशी रजा टाकली होती. "म्हणाली, माझ्या हातनं गेली, तर भरून द्यायला नको? मी नको म्हणत होतो, पण ऐकेचना."

करडू आईसाठी ओरडत होतं. मृण्मयी तिथंच पायरीवर बसली आणि तिनं मयुरेशला सगळं सांगून टाकलं.

"मला सांगून काय उपयोग?" तो म्हणाला. "तिला सांग."

करडू उचलून ती वस्तीवर गेली. चिमणाबाई ओट्यावर नागली पाखडत होती. ऐकता ऐकता तिनं सूप खाली ठेवलं.

"मी इचारलं व्हतं तुला. भरडा खाल्ला का, म्हून इचारलं व्हतं."

"हो."

"तवा सांगितलं असतंस तर सोडा पाजला असता. वाचली असती का नाय, देवाला ठावं. पण मी घासानं फुगली समजून तेल पाजत बसले." तिचा आवाज चढला. "चार दिस झाले, माझ्या शेळ्यांना हिरवं टाकायला हात धजत नाय. आन् गावभर झालंय, चिमणीनं दवाचा घास घालून शेळी मारली. भिमाजीची शेळी अडली काल. बोलावलं नाय मला."

"माफ करा मला, मावशी."

"तुझी माफी घरात ठेवून काय करू? गावात सांग."

तिनं करडू आईखाली सोडलं आणि पुन्हा सूप हातात घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मृण्मयी दूध संकलन केंद्रावर गेली. रांगेत पंधरा-वीस माणसं होती. "चिमणाबाईंचा काही दोष नाही," ती म्हणाली. "दार मी उघडं टाकलं. शेळीनं भरडा खाल्ला, ते मला माहीत होतं, तरी मी खोटं बोलले." कुणीतरी हसलं. भिमाजी किटली खाली ठेवून तिच्याकडं बघत राहिला.

"माझं करडू पोटात मेलं ना हो ताई, त्यापायी."

मृण्मयी निघून गेली नाही. मागाहून चार जण आले, त्यांनाही तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं.

तीन आठवड्यांनी ती वाफ्यात काम करत असताना रस्त्यावर मोटारसायकल थांबली. वरच्या वाडीतला झुंबर चिमणाबाईला घरी सोडायला निघाला होता. त्याची शेळी रात्री विताना अडली होती, चिमणाबाईनं दोन्ही करडं सुखरूप काढली होती. ती उतरली, कुंपणाशी आली, आणि उरलेल्या शेळीकडं निरखून बघत राहिली.

"हिला जंत झालेत. औषध आणून पाज."

"आजच आणते. चहा टाकू, मावशी?"

"नको."

ती मोटारसायकलवर बसली. मृण्मयीनं हात धुतले आणि औषध आणायला निघाली.