मिठागरावरची दरी

पुढच्या टायरच्या नक्षीत एक करडा खडा अडकला होता आणि चाकाच्या दर फेऱ्याला मडगार्डला लागून टक् म्हणत होता — टक्... टक्... — कुणीतरी एका बोटाने दार वाजवावं तसा. धर्माजीने उतरून तो काढला असता. पण शांती नगरच्या मागचा नाका, रिक्षांचा घोळका, भाजीच्या हातगाड्या मागे पडून मिठागराचा बांध लागला की पाय जमिनीला टेकवायचा नाही हा त्याचा नेम होता, आणि खोटं बोलणाऱ्या माणसाने निदान नेम तरी पाळावेत असं त्याचं प्रामाणिक मत होतं. बांध म्हणजे खडी-मुरूम टाकून दाबलेली अरुंद वाट. मोटार तिथे शिरूच शकत नाही. दोन्ही बाजूंना मिठाच्या वाफ्यांत आभाळ सांडलेलं, पलीकडे मिठाचे पांढरे ढीग, त्यांच्याही पलीकडे येऊरचे निळे डोंगर. आणि डोळे किंचित बारीक केले — चष्मा घरी राहिला की ते आपोआपच व्हायचं — तर ढिगांवरचा पांढरा रंग सरकत सरकत डोंगरांच्या माथ्यावर जाऊन बसायचा. मग बांधापलीकडची खाडी खाडी राहायची नाही. दरीतली हिरवी, थंडगार नदी व्हायची. काठाने खडीची वाट, तीवर मोटारीला बंदी, नुसत्या सायकली... स्वित्झर्लंड. तीन महिने होतो तिथे.

आज मात्र बर्फ डोंगरावर चढेना. मीठ मीठच राहिलं.

काल संध्याकाळी सुचेताने, त्याच्या एकुलत्या एक मुलीने, जेवता जेवता सांगितलं होतं. "बाबा, उद्या एक पाहुणे येतायत जेवायला. ओळखा."

"तुझ्या मनातला कोण असेल तर आधी फोटो दाखव."

"काहीतरीच! तुमच्या कारखान्यातले ईश्वरकाका. ऑफिसला अष्टविनायकाची चौकशी करायला आले होते. मी माझं पूर्ण नाव सांगितलं तर रडायलाच लागले हो." सुचेता बोरिवलीच्या एका टूर कंपनीत युरोपच्या सहली विकायची. "स्वित्झर्लंडचं मी मुद्दाम नाही काढलं. म्हटलं, दोघांना समोरासमोर बसवू नि मग ऐकू."

समोरासमोर... धर्माजीने ताट बाजूला सारलं. कारण स्वित्झर्लंडला गेला होता तो ईश्वर.

जायचं होतं धर्माजीलाच. एक्क्याऐंशी साली शेठने स्टीलची भांडी दाबायचं मशीन तिकडून मागवलं, ते शिकून यायला एक माणूस पाठवायचा ठरला, आणि बोट ठेवलं धर्माजीवर. पासपोर्ट आला. नवा कोट शिवला. निघायच्या चार दिवस आधी रात्रीचा त्याचा श्वास कोंडला — इतक्या लांब, बर्फात, भाषा येत नाही, मेलो तर? — आणि सकाळी तो शेठला म्हणाला, बायकोची तब्येत बरी नाही, दिवस गेलेत. दिवस गेले होते हे खरं. तब्येत ठणठणीत होती. मंदा तेव्हा पेणकरपाड्याच्या चाळीत दोन हंडे एका दमात उचलत होती.

शेठने मग ईश्वरचा पासपोर्ट काढला. ईश्वर गेला, आणि तिथून त्याने पाच पत्रं पाठवली. काय पत्रं ती! नदीच्या काठाची वाट, पायडल थांबवलं की ऐकू येणारी शांतता, उतारावर छातीत शिरणारं वारं... धर्माजी ती वाचायचा आणि कोटाकडे बघायचा.

आणि मग सुचेता चौथीत असताना शाळेतून रडत आली. वर्गात कुणीतरी म्हणालं होतं, तुझ्या बाबांची नखं काळी. पॉलिशचं काळं ते, साबणाला दाद देत नाही. तिने बापाचा हात हातात घेऊन नखं घासायला सुरुवात केली आणि मी... मला ते बघवेना. मी म्हटलं, बाळ, हेच हात स्वित्झर्लंडला जाऊन आलेत. मंदा पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं एक क्षण थांबलं. मग पुन्हा फिरू लागलं. आयुष्यभर तिने त्या एका क्षणापलीकडे काही बोलून दाखवलं नाही, आणि आता ती बोलायला उरली नाही.

पत्रं पाच, वर्षं चौदा, पुरणार कशी? धर्माजीने भर घातली. गायींच्या गळ्यात एवढाल्या घंटा की पावसात शाळेची पोरं आत उभी राहत. चाक मोडलं तर तिथल्या म्हातारीने चीजची चकती बसवून दिली, तीवर दहा मैल आलो, फक्त शेवटी उंदीर मागे लागले. चुकून वाटेवर शिरलेली मोटार पोलिसाने मालकाला डोक्यावरून परत न्यायला लावली. अख्ख्या बिल्डिंगने हे ऐकलं होतं. पण मनातल्या मनात त्याने हिशेब स्वच्छ ठेवला होता: गायी माझ्या, रस्ता ईश्वरचा. चोरलेला. रोज बांधावर तो चोरीच्या रस्त्यावरून सायकल हाकायचा.

ईश्वर अकरालाच आला. वाळलेला, दात नवे, डोळे तेच. सुचेता सुरमईला मसाला लावत होती. धर्माजीने त्याला पाणीही नीट पिऊ दिलं नाही. "चल, भूक लागेपर्यंत मिठागर दाखवतो." सायकल हातात धरून तो पुढे, ईश्वर मागे. बांधावर ऊन चढलं होतं. वाफ्यांत एक बाई लांब दांड्याच्या लाकडी फळीने मीठ ओढत होती, त्याचा खर्र खर्र आवाज येत होता. सांगायला घेतलं तेव्हा धर्माजीला त्या आवाजाचा आधार वाटला. सगळं सांगितलं. काळी नखं, चौथीचा वर्ग, गायी, म्हातारी, उंदीर.

"तुझा रस्ता चोरला मी, ईश्वर. पोरीसमोर आज... तू सांगशील ते खरं. मी नाही म्हणणार नाही."

ईश्वरचे खांदे हलायला लागले. रडतोय असं वाटून धर्माजीने बघितलं तर तो हसत होता. नवे दात हाताने धरून हसत होता.

"मेल्या, मला सायकल कुठे येते?"

"...काय?"

"कधी बघितलंस मला चालवताना? सात वर्षं पेणकरपाड्यापासून कारखान्यापर्यंत डबलसीट कोण न्यायचा मला?"

धर्माजी उभा राहिला. सात वर्षं. रोज. पाठीला टेकलेला ईश्वरचा डबा, चढ आला की "उतरू काय रे?" ही हाक, आणि "बस गप" हे आपलं उत्तर... एवढं सगळं आठवत होतं आणि एवढंच कसं कधी सुचलं नाही?

"मग ती पत्रं?"

"तळघरात खोली होती. कारखाना, खोली, कारखाना. बाहेर पडायची भीती वाटायची. कॅन्टीनमध्ये एक कॅलेंडर होतं, त्यावर नदी नि वाट. ते बघत लिहायचो." ईश्वर आता हसत नव्हता. "तुझ्या जागेवर गेलेलो ना मी. सारखं मनात यायचं, धर्मा आला असता तर एव्हाना सायकल मिळवून सुटला असता. मग तू काय काय केलं असतंस तेच लिहिलं. पत्रांत चालवणारा तूच आहेस. मी आपला मागे, कॅरियरवर."

खर्र खर्र थांबलं. बाईने कंबर सरळ केली, पदराने तोंड पुसलं, पुन्हा फळी ओढू लागली. धर्माजीला वाटलं, आपल्याला सुटल्यासारखं वाटायला हवं. पण वाटत होतं ते भलतंच. चोरी करून इतकी वर्षं लपवलेली वस्तू मालकाच्या पुढ्यात ठेवावी आणि त्याने म्हणावं, ही तुझीच की... मग आपण इतकी वर्षं भ्यालो ते कुणाला? त्या दरीत कुणीच गेलं नव्हतं. एक जण घाबरून घरी राहिला, दुसरा घाबरून तळघरात. आणि तरीही ती वाट होती. तिची चढण मांड्यांना ठाऊक होती.

"धर्मा, भूक लागली रे."

धर्माजीने सायकल घराकडे वळवली.

पानं वाढली होती. शेजारच्या हंसाबेन उंधियूचं पातेलं घेऊन आल्या ते दारात उभ्या राहिल्याच नाहीत, सरळ आत खुर्चीवर. "ईश्वरभाई, एक बात बोलो. धर्माजीभाई तो दस साल से बोलते हैं, वो गाय की घंटी में बच्चे... सच्ची बात छे?"

सुचेताच्या हातात सोलकढीचा पेला होता. ती बापाकडे बघत नव्हती, ईश्वरकाकांकडे बघत होती — चौथीतल्या पोरीच्याच नजरेने, तसंच सगळं घ्यायला तयार होऊन.

ईश्वरने मासा नीट काट्यापासून सोडवला. "गायींचं मला नका विचारू हो. पुढे हा होता. मला याच्या पाठीशिवाय काय दिसणार?"

हंसाबेन खो खो हसल्या. सुचेता हसली नाही. तिने पेला खाली ठेवला. ती दिवसभर लोकांचे व्हिसाचे कागद तपासायची; तिच्या हातून काही निसटत नसे.

"पुढे म्हणजे? दोघं गेला होतात? बाबा, तुम्ही तर एकटेच..."

हाच तो क्षण. चौदा वर्षं धर्माजी स्वप्नातसुद्धा ज्याच्यापासून पळाला होता तो, भरल्या पानावर, माशाच्या वासात, दुपारी दीड वाजता. जेवणघराची भिंत हळूहळू पातळ होत होती, आणि कधी नव्हे ते डोळे बारीक न करता त्याला दरी दिसत होती. पण तिच्यात बर्फ नव्हतं, गायी नव्हत्या, घंटाही नाहीत. नुसती खडीची वाट, उन्हात पडलेली, कुणाचीच नसलेली. गेलो होतो, नव्हतो गेलो... दोन्ही वाक्यं जिभेवर येऊन बसली होती आणि दोन्हींचं वजन, आश्चर्य म्हणजे, सारखंच होतं.

"बाबा?"

"सांगतो," तो म्हणाला. त्यातलं कुठलं बाहेर येणार हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने पोरीच्या डोळ्यांत पाहिलं आणि पहिल्यांदाच, पुढचं वाक्य जुळवून न ठेवता, तोंड उघडलं.