कर्ता सांग

चौऱ्याऐंशी सालचा मे महिना. बोरिवलीच्या आमच्या छोट्या शाळेत पहिलीसाठी शिक्षक हवा होता. मुलाखत घ्यायला आम्ही दोघं. मी निवृत्त मुख्याध्यापक, आणि नंदकुमारशेठ, ज्यांचा शिक्षणाशी संबंध इतकाच की शाळेच्या फरशा त्यांच्या दुकानातून आल्या होत्या.

पहिला शिवदास. मेच्या उकाड्यात टाय.

"मी आधीच्या शाळेचा चेहरामोहरा बदलला, मी पालक जागे केले, मी निकाल वाढवला."

"किती दिवस होतास तिथे?"

"दिवाळीपर्यंत, सर."

"म्हणजे निकाल लागायच्या आधीच निघालास."

तो टाय चाचपू लागला. तो बाहेर गेल्यावर शेठ म्हणाले, "पोरात दम आहे, सर. असं बोलता आलं पाहिजे!"

दम कसला? हवा होती.

मग खाडीपलीकडच्या मनोरीची सगुणा आली. नोकरी नाही मिळाली तर दिवाळीनंतर लग्न उरकायचं, असं घरी ठरलंय, हे अर्ज देतानाच तिने मला सांगितलं होतं.

"काय गं, काय केलंस आजवर?" शेठनी विचारलं.

"गावात बालवाडी चालू झाली. पोरं यायला लागली. अक्षरं आली त्यांना."

"आली? कशी, होडीत बसून?" शेठ खदाखदा हसले. "सर, हिने काहीच केलेलं नाही!"

शेठची मला किळस आली, पण राग तिचाही आला. आपल्या मुली अशाच. दिवसभर राबून स्वयंपाक करतील आणि सांगतील, जेवण झालंय. जणू चुलीनेच केलं!

वर्गात विचारतो तसं मी सावकाश विचारलं, "सगुणा, त्या पोरांना आणलं कुणी? कर्ता सांग."

"गावच्या मंडळाने जागा दिली, सर."

"जागा शिकवत नाही. कर्ता?"

"मी," ती पुटपुटली.

"पूर्ण वाक्य."

"मी आणलं. आया मासळी घेऊन बाजाराला जायच्या, पोरं खाडीवर उंडारायची. मी घरोघर फिरले. पाट्या नव्हत्या, तर वाळूत अक्षरं गिरवून घेतली मी." तिचा आवाज चढला. "त्यातली एक पोर, पुतळी, आता सात वर्षांची आहे. रेशनच्या दुकानावरची पाटी वाचून दुकानदाराशी भांडली, उघडायची वेळ झाली म्हणून. तिला वाचायला मी शिकवलं."

शेठनी जांभई दाबली. "मग आधीच बोलायचं ना! आमचा वेळ फुकट."

"तुम्ही हसत होतात."

शेठ माझ्याकडे वळले. "सर, हिला तोंड आहे हं."

"पहिलीत साठ पोरं आहेत, शेठ. तोंड लागणारच. शिवदासला तुमच्या दुकानात ठेवा. फरशा निमूट ऐकून घेतील."

शेठनी नाक मुरडलं, पण वाद घालायचा तर शिक्षणावर बोलावं लागलं असतं. "ठेवा हिला," ते म्हणाले.

सगुणा उठली. "शाळा उघडेल त्या दिवशी येते, सर." दारापाशी ती थबकली. "आणि लग्न आत्ता नको, हे आज घरी मीच सांगते."