डब्याला दिसली, बाबांना नाही

थांबा, थांबा! झाकणाला हात लावू नका. आत कागद आहे, उजेड लागला की गेलाच तो! मी कॅमेरा बोलतोय. हसू नका. दिसायला बिस्किटांचा डबा असलो, तरी आतून काळा रंग दिलाय, पोटाला सुईने पाडलेलं भोक आहे आणि त्यावर चिकटपट्टी. भिंग नाही, बटण नाही. पट्टी उघडली की समोरचं जग सावकाश माझ्या आतल्या कागदावर उतरतं.

मला घडवलं या घरच्या लेकीने. चित्रकला शिकवते ती, आणि डोक्यात एकच खूळ: डब्याला किती दिसतं नि माणसाला किती? त्यासाठी तिने खेळ काढला. माझ्या शेजारी बसायचं, नजर समोर, मान वळवायची नाही, बोलायचं नाही. पट्टी बंद झाली की काय काय दिसलं ते सांगायचं, मग माझ्या फोटोशी ताडून बघायचं. माणसं तरी काय एकेक! नसलेली खिडकी सांगतात, असलेली शिडी विसरतात. वर पुन्हा, "स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय मी!"

एके दिवशी बाबांची पाळी आली. बाबा शाळेची बस चालवतात. सकाळी मुलांना सोडून आले होते, दुपारी आणायला जायचं होतं. गच्चीवर माझ्या शेजारी बसले. लेक माझी पट्टी उघडून खाली रसायनं कालवायला गेली. तेवढ्यात आई वर आली आणि बाबांच्या डावीकडे, जरा पुढे, स्टुलावर बसून शर्टाला बटण लावू लागली. खेळाचा नियम ठाऊक, म्हणून चकार शब्द नाही. शेवटी दूध उतू जाईल म्हणून उठून गेली.

लेकीने येऊन पट्टी लावली. "समोर टाकी, दोरीवर चादर, डावीकडे नुसती भिंत," बाबांनी धडाधड सांगितलं. "ड्रायव्हरची नजर आहे, चेष्टा नाही!"

न्हाणीघरात लाल दिव्याखाली फोटो धुतला गेला. त्यात डावीकडे आई, मान खाली घालून बसलेली.

"बाबा, आईलाच विसरलात की!" लेक खो खो हसली.

"बघ बाई," आई म्हणाली. "इतकी वर्षं संसार केला, आता ह्यांना मी दिसेनाशी झाले."

बाबा हसले नाहीत. "तू होतीस तिथे?"

"अहो, तुमच्याच शर्टाला बटण लावत होते!"

"पुरे आता. तिथे भिंत होती. मी भिंत पाहिली."

लेकीचं हसू मावळलं. तिने बाबांना समोर बघायला लावलं आणि रसायनं कालवायची पळी त्यांच्या डाव्या कानाकडून हळूहळू पुढे आणली. पळी भुवईच्या पुढे आली तरी बाबा म्हणतायत, "अगं, आण ना लवकर!" उजवीकडेही तीच गत.

अहो, मी हादरलो! मला वाटायचं, न दिसणं म्हणजे काळोख. माझ्या कागदावर जिथे उजेड पोचत नाही, ती जागा कोरी राहते, कुणालाही कळते. माणसाचं मात्र भलतंच! राहिलेली जागा मेंदू आपणच भरून टाकतो आणि मालकाला पत्ताही लागू देत नाही.

"काळं काहीच नाही गं," बाबा पुटपुटले. "सगळं भरलेलं दिसतं." मग उठले. "आज सकाळी मी बस भरून मुलं नेली."

आईचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आजची फेरी तेवढी करा," ती कशीबशी म्हणाली. "हळू चालवा. उद्या डॉक्टरांकडे जाऊ. एकदम नोकरी गेली तर..."

बाबांनी फोन उचलला. "साहेब, दुपारी दुसरा माणूस पाठवा. नाही, ताप नाही. दाराशी उभी असलेली मुलं मला दिसत नाहीत." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. "हो, आजच कळलं," ते म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

दोन्ही बाजूंची गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. उरलेली औषधाने टिकेल. बस सुटली ती सुटलीच. मी अजून फोटो काढतो, पण त्या दिवसाचा धक्का काही उतरत नाही. तुम्हाला एकच विनवणी: घरातल्या माणसांचे डोळे तपासून घ्या. "नीट दिसतं ना?" असं नुसतं विचारू नका. ज्याला दिसत नाही, त्यालाही सगळं दिसतच असतं.