एनिडनं शिवलेलं कव्हर

विल्फ ॲक्रॉइडची ती लाल इटालियन गाडी म्हणजे नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. दिसायला अशी देखणी, की हॅलिफॅक्सच्या त्या चढावरच्या गल्लीत जाणारा-येणारा थबकायचा. पण चालायची ती तिच्या मनात आलं तर. जरा ओल लागली की बंद, आणि यॉर्कशरात ओल कधी नसते? म्हणून विल्फ ती कायम उताराकडे तोंड करून लावायचा. शेजारी ढकलायला यायचे आणि वर विचारायचे, "काय विल्फ, आज राणीसाहेबांना किती भोई लागणार?"

गिरणी बंद पडून घरी बसलेल्या माणसाला दुसरं होतंच काय? त्याच्या बायकोला, एनिडला मात्र ती गाडी डोळ्यांसमोर नको असायची. दोनदा दोघं व्हिटबीच्या समुद्राकडे निघाले आणि दोन्हीदा अर्ध्या वाटेतून ट्रकमागे बांधून परत आले. पण गेल्या ऑक्टोबरात तिचं मन कसं वळलं कोण जाणे. ती तंबू शिवायच्या कारखान्यात कामाला होती. तिथलं जाड, पाणी न शिरणारं कापड आणून तिनं गाडीला अंगाबरोबर बसणारं कव्हर शिवलं. "घाल माझ्या सवतीच्या अंगावर," म्हणाली. तीस वर्षांच्या संसारात विल्फला एवढं कधी भरून आलं नव्हतं. अख्खा हिवाळा त्यानं गाडी त्यात गुंडाळून ठेवली. मे महिन्यात वार्षिक तपासणीत पास झाली, की लग्नाच्या वाढदिवसाला व्हिटबी, हे ठरूनच गेलं.

तपासणी करणारा बर्नार्ड त्याचा शाळेपासूनचा दोस्त. गाडी वर उचलून त्यानं खालून स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो मुठीपर्यंत आत गेला. दुसरीकडे टेकवला, तिथंही तेच. गंजाचा चुरा त्याच्या टोपीवर पडत राहिला.

"हिवाळाभर काय घातलं होतंस हिच्यावर?"

विल्फनं सांगितलं. चांगलं अभिमानानं सांगितलं.

बर्नार्डनं टोपीवरचा चुरा झटकला. "बाहेरचं पाणी आत येत नाही, तसं आतलं बाहेरही जात नाही रे बाबा. गंज आधीचा होताच, पण सहा महिने ओली कोंडून ठेवलीस तू हिला. आता वेल्डिंगचा डाग द्यायला धड पत्राच उरला नाही. भंगारवाल्याला फोन करू?"

कर, म्हणाला विल्फ.

तो चालत घरी आला. दारामागे एनिडचा व्हिटबीसाठी इस्त्री केलेला निळा झगा लटकत होता. वाटभर त्यानं शब्द जुळवले होते, तेवढे बोलला: गाडी गेली, गंजली, मीच हयगय केली.

एनिड खिडकीतून रिकाम्या उताराकडे बघत राहिली. मग तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"मनाला लावून घेऊ नकोस. माझं कव्हर होतं म्हणून निदान एवढी तरी टिकली बिचारी."

"हो," विल्फ म्हणाला.

संध्याकाळी तिनं कव्हर झटकलं, नीट घडी घातली, आणि पुढच्या गाडीला होईल म्हणून माळ्यावर ठेवायला निघाली. कसली आलीय पुढची गाडी! विल्फला पुढचं काहीच दिसत नव्हतं. ती वर चढली, आणि तो खाली शिडी धरून उभा राहिला.