जिन्याखालच्या संगणकाने जपून ठेवलेला रिपोर्ट

मित्रांनो, कोल्हापुरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डाला लागून एक जिना आहे. त्या जिन्याखालच्या चिंचोळ्या खोलीत, जुन्या चादरीखाली झाकलेला मी एक संगणक आहे. एकेकाळी माझा रंग दुधासारखा होता, आता तो तुपासारखा झाला आहे. वय झालं की व्हायचंच ते.

माझा जन्म राजारामपुरीतल्या एका दुकानात झाला. जन्म म्हणजे काय, तर एकाने पत्र्याची पेटी आणली, दुसऱ्याने आतल्या पट्ट्या बसवल्या, पंखा घरघरला आणि मी जागा झालो. दुकानदाराने उदबत्ती ओवाळली, कपाळावर कुंकवाचं बोट टेकवलं आणि मला रिक्षातून दवाखान्यात धाडून दिलं. ते २००२ साल होतं.

माझं काम सांगतो. दवाखान्यात केसपेपरची खिडकी एका टोकाला, रक्त तपासायचं यंत्र दुसऱ्या टोकाला आणि वॉर्ड तिसरीकडेच. प्रत्येकाची भाषाही वेगळी. यंत्र बोलायचं ते खिडकीला कळायचं नाही, खिडकी लिहायची ते वॉर्डाला वाचता यायचं नाही. आपल्याकडे सीमाभागात लग्न ठरवताना एक बाजू कानडी आणि दुसरी मराठी असली, की दोन्ही भाषा येणारे एखादे मामा मध्ये बसतात ना? तसा मी मधला मामा होतो. यंत्राने सांगितलेलं समजून घ्यायचं आणि ज्याच्या त्याच्या वॉर्डाच्या पडद्यावर पोचवायचं.

हे सारं मला शिकवलं रक्षिताने. गडहिंग्लजकडची ही मुलगी प्रोग्राम लिहायची. तिने मला एक नेम घालून दिला. रिपोर्टावरचा केसपेपर नंबर आणि नाव, दोन्ही खिडकीवरच्या नोंदीशी जुळलं तरच रिपोर्ट पुढे सोडायचा. एक जरी चुकलं, तर तो पोटात जपून ठेवायचा आणि शेजारच्या छपाईयंत्रावर कागद काढून कळवायचं की, 'हा अडला आहे, बघा.' एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर जाणं केवढं मोठं पाप! म्हणून मी तो नेम एखाद्या व्रतासारखा पाळला.

पहिली दोन वर्षं माझं फार कौतुक झालं. पूर्वी रिपोर्ट आणायला वॉर्डातल्या मावशींना दिवसभर जिने चढावे लागत. आता त्या सुखाने बसून पान लावत. बाळंतिणींच्या वॉर्डाच्या मुख्य सिस्टर अंबूबाई रोज सकाळी माझ्यावरची धूळ पुसायच्या आणि म्हणायच्या, "गुणाचं हाय बगा आमचं लेकरू."

पण मित्रांनो, गुणाच्या लेकराचंही नाव खराब व्हायला वेळ लागत नाही. बाळंतिणींच्या वॉर्डातले काही रिपोर्ट पोचेनासे झाले. सगळेच नाहीत, एखाददुसरा. बाकी वॉर्डांत सगळं सुरळीत. मग मला बंद करून चालू केलं, वायरी बदलल्या, कुणीतरी पाठीवर दोन थापाही मारल्या. फरक पडला नाही. शेवटी मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही पेटी काढा. पुन्हा कागदावर या." रक्षिताला निरोप गेला, एकदा शेवटचं येऊन बघ.

ती आली त्याच सकाळी कबनूरची क्रांती वॉर्डात दाखल झाली होती. पहिलंच बाळंतपण, पोटातलं बाळ आडवं, चेहरा पांढराफटक. ऑपरेशन करायचं ठरलं. पण अंगात रक्त किती आहे हे कळल्याशिवाय डॉक्टरीणबाई हात लावायला तयार नव्हत्या. आणि तिचाच रिपोर्ट आला नाही. अंबूबाईंनी लॅबला फोन केला. तिकडून उत्तर आलं, "क्रांती नावाचं रक्तच आमच्याकडं आलेलं न्हाय." दुसऱ्यांदा रक्त काढून पाठवलं. तोही रिपोर्ट गडप!

मित्रांनो, ते दोन्ही रिपोर्ट माझ्या पोटात होते. मला माहीत होतं. पण सांगणार कसं? ज्या छपाईयंत्राच्या तोंडाने मी बोलायचो, ते दवाखान्याला रंग देताना उचलून हिशेबाच्या खोलीत नेलं होतं आणि परत आणायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. मी आपला हाका मारत होतो आणि त्या हाका वाऱ्यावर जात होत्या.

रक्षिता घामाघूम झाली होती. तिने खोटा रोगी बनवून रिपोर्ट पाठवून पाहिला. तो वॉर्डात टुणकन पोचला. पुन्हा पाठवला, पुन्हा पोचला.

"सिस्टर, सगळं तर बरोबर चाललंय," ती रडवेली होऊन म्हणाली. "अडलेल्याचा कागद आला होता का कधी?"

"कागद? न्हाय बाई. कितीतरी महिन्यांत न्हाय."

"मग काही अडलेलं नसणार," असं म्हणून ती पुन्हा वायरी तपासू लागली. मी तळमळलो. अगं पोरी, माझ्या पोटात बघ!

तेवढ्यात खोलीच्या दारात दोन बायका भांडत आल्या. एक क्रांतीची आई चिमणाबाई, दुसरी राधानगरीकडची तिची सासू बायडाबाई.

"काय वो पोरी," बायडाबाईंनी रक्षितालाच धरलं, "तुज्या पेटीनं माज्या सुनंचा रिपोट गिळला म्हणं! किती खाती ही, भूक भागंना व्हय तिची?"

"ओरडू नका वो विहीणबाई," चिमणाबाई म्हणाल्या. "क्रांती आत झोपलीया, घाबरंल ती."

"आलं का पुन्हा तुमचं क्रांती क्रांती! शांता म्हणा की. आमच्या घरात कशाला वो क्रांती? आदीच माजा ल्योक सम्राट हाय एक. दोगांची लागली तर निस्तरायचं कुणी? म्हणून तर लग्नात तांदळात नाव काढून शांता केली तिला."

"तुमच्यात शांता. माज्या पोटची हाय ती, मी क्रांतीच म्हणणार."

"म्हणा की घरात! पर दवाखान्यात? लॅबवाल्या पोराला मी बजावलं, बाबा, कागदावरचं नाव जुनं हाय, आता हे लिही, शांता सम्राट चौगुले. दोन्ही येळंला मी सोता हुबी राहून लिवून घेतलं."

रक्षिताच्या हातातली वायर खाली पडली.

"मावशी, थांबा थांबा. केसपेपर कुणी काढला?"

"मी," चिमणाबाई म्हणाल्या. "शाळंत असताना तिला कावीळ झालेली, तवाचा नंबर होता. खिडकीवरच्या बाईनं तोच काढून दिला. क्रांती गणपतराव माने."

"नंबर माहेरचा आणि नाव सासरचं!" रक्षिता जवळजवळ ओरडलीच. "अहो, पहिल्या बाळंतपणाला लेकी माहेरी येतात आणि जुनाच नंबर काढतात. म्हणून याच वॉर्डात अडतंय! मी बनवलेल्या खोट्या रोग्याला कुठलं आलंय सासर?"

मग तिने माझं पोट उघडलं, मित्रांनो. किती हलकं वाटलं म्हणून सांगू! आत कितीतरी लेकीबाळींचे रिपोर्ट होते आणि सगळ्यांत वर क्रांतीचे दोन्ही.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. "सापडला? मग ती नावाची अटच काढून टाक बघू आधी. नंबर जुळला की सोडायचा."

रक्षिता की-बोर्डावरचा हात मागे घेत म्हणाली, "नको मॅडम. नंबर लिहिताना एक आकडा चुकला, तर रिपोर्ट दुसरीच्या नावावर जाईल."

"खरं हाय तिचं," अंबूबाई म्हणाल्या. "मागं एकदा श्रावणात, कागद येत हुता तवा, दोघींचे नंबर हिकडचे तिकडं झालते. नावामुळंच वाचलो."

"पण आत्ता काय करायचं?"

रक्षिताने दोन्ही विहिणींना समोर उभं केलं. वय विचारलं, नवऱ्याचं नाव विचारलं, गाव विचारलं. अंबूबाईंनी आत जाऊन खुद्द क्रांतीला तेच विचारलं. सगळं जुळलं, तेव्हा रक्षिताने रिपोर्ट सोडला.

पडद्यावर आकडा दिसला आणि डॉक्टरीणबाईंचा आवाज एकदम हळू झाला. "बरं झालं थांबलो. रक्त फारच कमी आहे. बाटल्या आल्याशिवाय मी हात लावणार नाही."

सम्राट रक्तपेढीकडे धावला. एरवी एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या त्या दोघी विहिणी माझ्याच दाराशी, एकाच बाकावर बसल्या. चिमणाबाईंच्या ओठांत अंबाबाईचं नाव होतं आणि बायडाबाईंच्या जोतिबाचं. बऱ्याच वेळाने कुणाचा तरी हात कुणाच्या तरी हातात गेला, तो मात्र मला दिसला.

दिवेलागणीला वॉर्डातून कोवळं रडणं ऐकू आलं. मुलगी झाली होती. बाळ ठणठणीत, आई सुखरूप.

रक्षिता त्यानंतर दोन दिवस माझ्यापाशी होती. केसपेपरच्या खिडकीवर तिने दोन रकाने केले, एक माहेरच्या नावाचा, एक सासरच्या. अडलेला रिपोर्ट आता छपाईयंत्रावर नाही, थेट अंबूबाईंच्या पडद्यावर लाल अक्षरांत दिसू लागला आणि त्याबरोबर घंटी वाजू लागली. आणि तपासून पाहायला तिने जो नवा खोटा रोगी बनवला, त्याला दोन नावं दिली.

घरी जायच्या दिवशी बायडाबाई मुठीत मीठमोहऱ्या घेऊन आल्या. नातीची दृष्ट काढली, सुनेची काढली. मग माझ्याकडे वळल्या. "ह्येला बी किती लोकांनी नावं ठिवली," असं म्हणत मूठ माझ्या पेटीवरून तीनदा उतरवली.

आत बाळाला कुशीत घेऊन क्रांती हसत होती. "आत्याबाई, मशीनला दृष्ट लागती व्हय?"

"लागती बाई. खरं ठावं असूनबी गप ऱ्हावं लागलं की लागती," त्या म्हणाल्या.

पुढे बरीच वर्षं मी काम केलं. आता माझ्या जागी नवा, चपळ भाऊ आला आहे. तो माझ्यापेक्षा कितीतरी भराभर रिपोर्ट पोचवतो. मला त्याचा आनंदच आहे. मी चादरीखाली बसून त्याची घंटी ऐकतो.

मित्रांनो, जाता जाता एवढंच मागणं आहे. यंत्र असो की माणूस, ते गप्प झालं म्हणून त्याच्या पाठीत थाप मारू नका. तोंडाजवळचं काही आपणच तर उचलून नेलं नाही ना, ते आधी बघा. आणि मग प्रेमाने विचारा, 'बाबा रे, तुझ्यापाशी काय अडलंय?' कुणाचा तरी जीव सांभाळून ठेवून ते तुमच्या विचारण्याचीच वाट बघत असेल.