समुद्राचं आवर्तन

बेलापूरच्या सूर्यभाननं उभ्या जन्मात पाण्याची वेळ म्हणून पाळली नव्हती, आणि यात त्याची काडीइतकीही चूक नव्हती. धरणातून आवर्तन सुटलं की पाटकरी सांगायचा, "उद्या सकाळी सहाला तुमच्या चारीला पाणी." त्या सहाला सूर्यभान खुशाल घोरत असायचा. जेवून, पान खाऊन, दुपार कलल्यावर फावडं खांद्यावर टाकून निघायचा, तरी चारी आपली कोरडीच!

तर असा हा गडी लेकीला भेटायला कोकणात गेला. पूजाचं सासर समुद्राला लागूनच. तिचे सासरे दत्ताराम रोज खडकावरून गळ टाकायचे, आणि गळाला लावायचे काय, तर प्लॅस्टिकचा रंगीत मासा! सूर्यभानला हसू आवरेना.

"आवो व्याही, खरा मासा काय येडा हाय व्हय?"

"उजाडणं आणि भरती एकदम आली की होतो वेडा," दत्ताराम म्हणाले. "झुंजुमुंजू असतं, पाणी चढायला लागतं. बारक्या माशांच्या मागं मोठे खडकापाशी येतात, अंधुकात त्यांना खरं-खोटं कळत नाही. उद्या साडेपाचला भरती लागेल. येताय?"

"येणार म्हणजे काय! आमच्या आप्पांना पाण्यातलं सगळं कळतं," पूजा मध्येच बोलून बसली. घाटावरच्यांना पाणी फक्त टँकरमधलं ठाऊक, हे सासरी ऐकून ऐकून पोरीचे कान किटले होते. आता तिची सगळी भिस्त बापावर.

आणि बापानं काय करावं? साडेपाच म्हणजे आठ, असा घरचा अंदाज धरला. एक चहा घेतला, त्यावर दुसरा घेतला आणि रमतगमत गेला, तर बसायचा खडकच गायब! ऊन चढलेलं, समुद्र काठोकाठ, आणि दत्ताराम पिशवीत मासे घेऊन परत निघालेले.

"पानी आलं बी?"

"वेळेवर आलं की!"

घरात जे हसणं पिकलं ते विचारू नका. जावई तर ठसका लागेपर्यंत हसला. पूजा तेवढी हसली नाही, खाली मान घालून वाढत राहिली. सूर्यभाननं ताट बाजूला सारलं.

"उद्या परत जाऊ," तो म्हणाला.

"उद्या पाऊण तास उशिरा लागेल हं."

"बघा! झाला का न्हाई उशीर!"

"अहो, तो उशीरसुद्धा ठरलेला असतो."

दुसऱ्या दिवशी दत्ताराम गेले, तर सूर्यभान आधीच खडकावर ठाण मांडून बसलेला, हातात दांडकं.

"हे कशाला?"

"वरल्या अंगाला कुनी पानी फोडलं म्हंजी?"

"व्याही, वरच्या अंगाला अरबस्तान आहे!"

उजाडू लागलं, आणि अगदी सांगितल्या वेळेला लाट येऊन सूर्यभानच्या चपला भिजवून गेली. "आयला, आलं की खरंच!" तो आ वासून बघतच राहिला. पहिल्या फेकीत गळानं त्याचीच टोपी उडवली. दुसरी फेक वाया गेली. तिसऱ्या फेकीला मात्र गळाची काठी अशी वाकली की दत्तारामांनी त्याला मागून धरला. वर आली लालभडक तांबोशी, चांगली हातभर! ती दोन्ही हातांत धरून गडी घरापर्यंत पळत आला.

"सांगितलं नव्हतं मी?" पूजा साऱ्या घराला ऐकू जाईल अशी म्हणाली. सूर्यभाननं तांबोशी आधी तिच्याच हातात ठेवली.

बेलापूरला परतल्यावर पुन्हा आवर्तन सुटलं. "उद्या सहाला," पाटकरी म्हणाला. सूर्यभान झुंजुमुंजूलाच फावडं घेऊन चारीवर हजर! दहा वाजले, बारा झाले, ऊन डोक्यावर आलं. शेजारचा गोरक्षनाथ जेवून, पान खाऊन सावकाश आला आणि त्याच्याकडे बघतच राहिला.

"कवापासनं बसलाय? येड लागलं का तुला?"

कोरड्या चारीकडे बघत सूर्यभाननं मोबाईल काढला आणि कोकणात लावला.

"व्याही, येक काम करा. तुमचा समुद्र आमच्याकडं पाटकरी म्हनून धाडून द्या!"