ऑर्गनवर कोण आहे?

मला पेटी म्हणायचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो! मी इलेक्ट्रिक ऑर्गन आहे. विजेवर चालतो, चार पायांवर उभा राहतो, आणि माझा पहिला सूर निघाला की मागच्या रांगेतले लोकसुद्धा बोलायचे थांबतात. थोडी ऐट आहे माझ्यात, ती असू द्या.

भैय्याजींनी मला चौऱ्याहत्तर साली मुंबईहून नागपूरला आणलं. तिथल्या महाल भागात त्यांची ऑर्केस्ट्रा पार्टी होती. मालक तेच, निवेदकही तेच. पहिल्याच दिवशी त्यांनी मला हार घातला, माझ्यासमोर नारळ फोडला, आणि सगळं पाणी माझ्या पट्ट्यांवर! दोन सूर आठवडाभर मुके झाले. प्रेमाच्या माणसांचं असंच असतं.

मला वाजवायचा मधुसूदन. पुढे चार वर्षांनी गायला पुष्पलता आली. नागपुरातल्याच इंदोऱ्याच्या बुद्धविहारात पेटी वाजवत ती मोठी झालेली. पण स्टेजची रीत ठरलेली होती. बाईनं खुर्चीवर बसायचं, आपलं गाणं आलं की उठून गायचं आणि परत बसायचं. वाद्यांमागे सगळे पुरुष. कामठी, भंडारा, वर्धा, कुठंकुठं फिरलो मी! दुसऱ्या पार्ट्याही पाहिल्या. एकाही ऑर्गनमागे बाई दिसली नाही.

पुष्पलता मात्र तालमीला सगळ्यांच्या आधी यायची आणि माझ्यावर गाणी बसवायची. खरं सांगू? तिच्या हाताखाली मी जास्त खूश असायचो.

त्र्याऐंशीत, गणपतीच्या तोंडावर, मधुसूदनला कन्हानला नोकरी लागली. भैय्याजींनी तीन वादक पाहिले. एकालाही धड येईना.

"मले येते वाजवता," पुष्पलता म्हणाली.

"तू गाणं म्हण वं. मशीनले हात लावशीन, शॉक-बिक लागन!"

"पाच वर्षांपासून लावून राहिली. लागला का?"

भैय्याजींनी होकार दिला. दुसरा इलाजही नव्हता.

महालातल्या गणपतीपुढे पुष्पलता पदर खोचून माझ्यामागे उभी राहिली. भैय्याजींनी एकेकाची ओळख करून दिली आणि सवयीनं बोलून गेले, "और ऑर्गन पर, मधुसूदन!"

टाळ्या पडल्या. ढोलकीवाल्यानं ठेका धरला. पुष्पलतानं मात्र माझ्यावरचे हात काढून घेतले. माझा जीव टांगणीला लागला! आता हिला पुन्हा खुर्चीवर बसवणार, आणि ते कायमचंच.

भैय्याजी घाईनं जवळ आले. "काहून थांबली वं? सुरू कर ना!"

"ज्याचं नाव घेतलं, त्याले बोलवा. तो वाजवन."

माईक भैय्याजींच्या हातात चालूच होता. सगळ्या मांडवानं ते ऐकलं. आधी बायका हसल्या, मग सगळेच. भैय्याजी कानापर्यंत लाल झाले, आणि मग स्वतःच खो खो हसत सुटले.

"चुकलो, बाप्पा! ऑर्गन पर, पुष्पलता!"

त्या संध्याकाळी मी जसा वाजलो, तसा आधी कधीच वाजलो नव्हतो.

आता भैय्याजींनी नवा कीबोर्ड घेतलाय. मी इंदोऱ्याला पुष्पलताच्या बैठकीच्या खोलीत असतो. पट्ट्या पिवळ्या पडल्यात, चार सूर कायमचे गेलेत, पण मजेत आहे. पाच मुली माझ्यावर शिकतात, आधी कोण म्हणून भांडतात. त्यांतली एखादी उद्या तुमच्या मांडवात येईल. निवेदकबुवा, एवढंच करा: नाव घेण्याआधी मागं वळून पाहा.